मी सीटवर बसले की विझणारे दिवे

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. माझा विश्वास मल्टिमीटरवर. वायर एकतर जोडलेली असते नाहीतर तुटलेली असते, तिसरं काही नसतं — कंपनीत नव्याने लागलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे ऐकवते. या ग्रुपवर लोक चिंचेखालच्या बाईपासून लिफ्टमधल्या म्हाताऱ्यापर्यंत काय काय लिहितात, ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि हसते. आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

फक्त "ताई, फ्यूज बघा", "ताई, अर्थिंग चेक करा" असं लिहिण्याआधी शेवटपर्यंत वाचा. गाड्यांचं वायरिंग हेच माझं पोट आहे. गाडीत आत सगळीकडे पसरलेला वायरींचा जो जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. तो बनवणाऱ्या कंपनीत मी इतकी वर्षं काढली आहेत की झोपेतसुद्धा माझी बोटं कनेक्टर दाबून, 'क्लिक' ऐकून, परत ओढून बघतात.

मी मनीषा, मूळची लातूरकडची. डिप्लोमा करून चिंचवडला आले, भोसरीच्या कंपनीत लागले आणि लग्न होऊन पडले ते इथल्याच एका गावात. आळंदीहून चाकणकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत. गावाचं नाव लिहीत नाही, गावकरीही मोबाईल बघतात. घरात नवरा अविनाश, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या कारखान्यात, फिरत्या शिफ्टला. सासूबाई, त्यांना आमच्याकडे आत्या म्हणायची पद्धत. आणि सासरे, म्हणजे आबा.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हा अख्ख्या गावाने गाड्या घेतल्या, तशी आबांनीही घेतली. साधी पांढरी पेट्रोल गाडी, आता चांगलीच जुनी. पोटच्या पोरापेक्षा तिच्यावर जीव जास्त. पुढच्या सीटवर अविनाश किंवा एखादा पाहुणा बाप्या. आत्या कायम मागे, आबांच्या बरोबर पाठीशी. जेजुरी म्हणू नका, तुळजापूर म्हणू नका, सगळीकडे त्या नवऱ्याच्या डोक्याची मागची बाजू बघत गेल्या. मी त्या गाडीत बसायचे ते दवाखान्यापुरती.

एकदा हॉर्न वाजेना. मी म्हटलं, "आबा, मी बघते. रिले गेला असेल." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अविनाशला म्हणाले, "तुज्या बायकूला सांग, माज्या गाडीला बाईमाणसाचा हात नको." पण बॅटरी उतरली की धक्का मारायला मात्र बाईमाणसाचा हात चालायचा. एका दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली ती गाडी मी पदर खोचून ढकलत होते आणि आबा आतून ओरडत होते, "जोर लाव की! खात न्हाईस का घरात?" तो दसरा माझ्या अजून लक्षात आहे.

दिवाळी झाली आणि आबा झोपेतच गेले. दहाव्याला आम्ही सगळे आळंदीला घाटावर होतो. पिंडाला कावळा लवकर शिवत नव्हता. बाप्ये खाली पिंडाजवळ, आम्ही बायका वर पायऱ्यांवर. खाली काय बोलणं चाललंय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने एक कावळा झपकन खाली आला आणि शिवला. सगळ्यांनी सुटल्यासारखे हात जोडले, मीही जोडले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढच्या पावसाळ्यात आमची कंपनी भोसरीहून चाकणच्या पुढे नव्या जागेत गेली. कंपनीची बस मोशीवरून नाशिक रोडने सरळ जायची, आमचं गाव बाजूलाच राहिलं. त्याच महिन्यात मला लाइन लीडर केलं. म्हणजे सकाळी लाइन चालू व्हायच्या आधी मी हजर पाहिजे आणि संध्याकाळी मोजदाद झाल्याशिवाय निघायचं नाही. सुपरवायझर स्पष्ट म्हणाला, "मॅडम, येण्या-जाण्याचं तुमचं तुम्ही बघा. नाही जमलं तर सांगा, रांगेत बऱ्याच आहेत." स्कूटी चालवून बघितली. एकदा शेजारून कंटेनर गेला, तो मला रस्त्यावरून खाली मुरमात टाकून गेला. त्यानंतर स्कूटी बंद.

शेडमध्ये गाडी उभीच होती. मोशीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन मी शिकले, लायसन्स काढलं आणि घरात सांगितलं की आबांची गाडी मी वापरणार. गाडी चालली तर नोकरी, नाहीतर चूल — हिशेब इतका सरळ होता.

"ती गाडी नको," आत्या म्हणाल्या.

"का नको?"

"नको म्हन्ते न्हवं."

अविनाश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "बघ बाई तुझं तू." मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण नवरा नजर चुकवतोय म्हणजे पेट्रोलचा विचार करत असेल, असं मला वाटलं.

पावसाळाभर काही त्रास नव्हता, कारण घरी येईपर्यंत उजेड असायचा. दिवस लहान झाले तसं एका संध्याकाळी चाकण चौकाच्या अलीकडे मी दिवे लावले. पुढचे हेडलाइट लागले. डॅशबोर्ड काळाकुट्ट. काटा कुठल्या आकड्यावर आहे, पेट्रोल किती आहे, काही दिसेना. मला काळजी वाटली नाही, उलट जरा बरंच वाटलं. म्हटलं, आबा, आता लावतेच तुमच्या गाडीला हात.

रविवारी सकाळी शेडमध्ये बसले. दार ओढून घेतलं की शेडमध्ये दिवसाही अंधार असतो, त्यामुळे काम सोपं. फ्यूज बघितला, चांगला. डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचं एक छोटं चाक असतं, बहुतेक वेळा कुणीतरी ते चुकून पूर्ण खाली फिरवून ठेवलेलं असतं. ते पूर्ण वर होतं. मीटरचा पूर्ण संच बाहेर काढला, बल्ब काढून थेट बॅटरीवर लावून बघितले, सगळे पेटले. कनेक्टर दाबले, ओढले, घट्ट. अर्थिंग खरवडून नवीन केलं. सगळं परत जोडून सीटवर बसले, बटण फिरवलं. अंधार.

तेवढ्यात अविनाश चहा घेऊन आला. मी चिडून उतरले आणि म्हटलं, "बस तू, मी वाकून खालून बघते." तो बसला. सगळे दिवे लख्ख लागले.

"लागलेत की," तो म्हणाला.

"हलू नकोस." मी वायर हलवून बघितली, डॅशबोर्डवर थापट्या मारल्या. दिवे ढिम्म हलले नाहीत. मग त्याला उतरवून मी बसले. विझले. तो बसला, लागले. मी शेजारच्या सीटवर, लागलेलेच. मी स्टिअरिंगमागे, विझले.

सीटखालून जाणारी एखादी वायर वजनाने दबत असेल, असं मला वाटलं. पण अविनाश माझ्यापेक्षा जड. तरी मी माझ्या वजनाइतकी ज्वारी पोत्यात भरून ते पोतं ड्रायव्हर सीटवर ठेवलं. पोत्यासाठी दिवे लागले. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या आत निघून गेल्या. पोत्याचा मला इतका राग आला की मी ते ओढून खाली टाकलं आणि निम्मी ज्वारी शेडमध्ये सांडली.

आता जाणकारांसाठी. मी सीटवर बसलेली, मीटरचा संच बाहेर लोंबतोय, बल्ब होल्डरमध्ये बसवलेला, बटण चालू — अशा वेळी मी बल्बच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टच्या वर. व्होल्टेज आहे, अर्थ आहे, बल्ब चांगला आहे. अशा बल्बला पेटण्यावाचून गत्यंतरच नसतं. तो पेटला नव्हता. मी दुसरा मीटर आणला, कंपनीतला. तोच आकडा. नवे बल्ब घातले, मग एलईडी घातले. मी बसले की सगळे मेलेले.

मोशी फाट्यावरच्या एका वायरमनकडे गेलो. तो पूर्ण वेळ अविनाशशीच बोलत होता, जणू मी गाडीबरोबर आलेलं एखादं सामान. सीटवर बसून म्हणाला, "साहेब, लाइट तर चालू आहेत. मॅडमला बटण सापडलं नसेल." आणि हसला. मी त्याला उतरवलं आणि स्वतः बसले. त्याचं हसू थांबलं. अर्धा दिवस त्याने गाडी उघडून ठेवली, शेवटी किल्ली अविनाशच्या हातात देऊन म्हणाला, "विकून टाका साहेब." माझ्याकडे त्याने शेवटपर्यंत पाहिलं नाही.

मी विकणार नव्हते. डॅशबोर्डवर मोबाईल लावला, त्यात वेग दिसायचा, आणि तशीच चालवत राहिले. नाही दिसत काटा तर नाही. मेल्यावरही एका माणसाला माझा हात खुपतोय असं लोक म्हणायला लागले होते, पण मी म्हणायचे, काहीतरी लूज असेल, एक दिवस सापडेल.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही आणि धंद्यातली असून आली नाही, याची मला आजही चीड येते. डॅशबोर्डचे दिवे आणि गाडीच्या मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर चालतात. मी मागचे दिवे तपासले नव्हते असं नाही. रोज निघताना बटण लावायचे, उतरून मागे जायचे, बघायचे — दोन्ही लाल दिवे छान पेटलेले. म्हणून मी निर्धास्त. पण ते बघायला मला सीटवरून उतरावं लागत होतं ना!

दिवाळी झाली होती. कंपनीतून निघाले, अंधार पडलेला. चाकणच्या पुढे आळंदीच्या रस्त्याला लागले, खड्डा आला म्हणून ब्रेक न लावता नुसता अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून गाडी हळू केली. मागून ब्रेकचा कर्कश आवाज आला. मग धक्का. गाडी पुढे फेकली गेली आणि एका हॉटेलच्या फलकाला टेकून थांबली. मला फक्त खांद्याला मार बसला. आरशात बघितलं तर मागे पत्र्याच्या कॉइल घेऊन जाणाऱ्या ट्रेलरचं तोंड, काचेला जवळजवळ चिकटलेलं.

ड्रायव्हर उतरून शिव्या देतच आला. बोलण्यावरून माझ्याच भागातला. "मरायलात का बाई? लाइट कुठंयत मागचे? अंधारात काळं कुत्रं तरी दिसतंय, तुमची गाडी दिसंना!"

"लाइट आहेत," मी म्हटलं. "या, दाखवते." आणि मी दार उघडून उतरले.

तो गाडीच्या मागेच उभा होता. मी उतरले आणि त्याच्या चेहऱ्यावर लाल उजेड पडला. त्याने दिव्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बसा बरं परत," तो हळूच म्हणाला.

मी बसले. त्याच्या तोंडावरचा लाल उजेड गेला. मी उतरले, परत आला. तो माणूस दोन पावलं मागे सरकला, त्याने गाडीला हात जोडले — मला नाही, गाडीला — आणि ट्रेलर बाजूने काढून निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पहिल्यांदा घाबरले. आणि घाबरल्यानंतर मला जो संताप आला, तो अजून पुरता गेलेला नाही. काटा दिसू न देणं हा कुजकेपणा झाला. पण मागचे दिवे घालवणं म्हणजे मला मारायलाच काढलं होतं.

अविनाश येऊन मला घेऊन गेला. गाडी तोच चालवत होता, त्यामुळे दिवे अर्थातच लख्ख. घरी जेवायला बसलो. खांदा सुजलेला. आत्या भाकरी वाढत म्हणाल्या, "आता तरी पटलं का? शब्द मोडला की आसंच व्हतं."

"कुणाचा शब्द?"

आत्या भाकरीचं टोपलं घेऊन चुलीकडे वळल्या. अविनाश भाकरीकडे असा बघत होता, जणू तिच्यावर काहीतरी छापलंय.

"अविनाश, मी तुला विचारतेय. कुणी कुणाला शब्द दिलाय?"

"कावळा शिवत नव्हता गं," तो म्हणाला. "दहाव्याला. आईला सांभाळतो म्हटलं, तात्याकाकांशी बांधाचं भांडण मिटवतो म्हटलं, उरलेली जमीन विकत नाही म्हटलं. कावळे समोर बसलेले, पण एक खाली येईना. निम्म्या लोकांना सेकंड शिफ्टला जायचं होतं. सारखे मोबाईल काढून बघत होते. बस चुकली तर खाडा लागतो ना... कुणीतरी म्हणालं, त्यांचा जीव गाडीत आहे, गाडीचं काहीतरी बोल. मी म्हटलं, आबा, गाडी विकणार नाही. तरी नाही. मग मी म्हटलं..."

"काय म्हटलं?"

"मनीषा तुमच्या गाडीला हात लावणार नाही."

"आणि?"

"वाक्य पुरं व्हायच्या आत शिवला."

म्हणजे ज्या कावळ्याला मी पायऱ्यांवरून हात जोडले, तो माझ्यावरच सौदा करून उतरला होता! कंपनीत एकाने दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर दोघांनाही घरी पाठवतात. इथे माझ्या नावाने, मला न विचारता, माझ्या पाठीमागे माझा नवरा पंच करून आला होता, का तर लोकांची बस चुकू नये. आईला सांगितलेलं, माझ्यापाशी मात्र वर्षभर गप्प. मी ताट सरकवून उठले. त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"परत घे तो शब्द," शेवटी म्हटलं.

"मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कसा घेणार?" तो म्हणाला. "तेव्हा तुला गाडी येतही नव्हती. मला काय माहीत, तू शिकशील?" हे त्याने स्वतःच्या बाजूने म्हणून सांगितलं, हे विशेष.

त्यानंतर गाडी शेडमध्ये. मी कधी कुणाच्या मागे बसून, कधी आळंदीहून मिळेल ते वाहन पकडून जात होते. लाइन माझ्याशिवाय चालू व्हायला लागली. सुपरवायझरने बोलावून सांगितलं, "सोमवारपासून वेळेवर आलात तर ठीक, नाहीतर मी दुसरीला उभी करतो." आणि त्याच रविवारी आबांचं वर्षश्राद्ध होतं.

स्वयंपाक मी आणि आत्यांनी मिळून केला. खीर, वडे, अळूची भाजी, आमटी. पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. आता कावळा शिवला की मग घरातल्यांनी जेवायचं. तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, आणि भावकीतली चार माणसं खाली मान घालून बसलेली. कावळे होते. पाण्याच्या टाकीवर, विजेच्या तारेवर. एकही पानाकडे येईना.

अविनाशने हात जोडून दहाव्याचे सगळे शब्द परत म्हणून पाहिले. ऊन कलायला लागलं. आत्यांना साखरेचा त्रास आहे, सकाळी गोळी घेऊन बसलेल्या. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. मी म्हटलं, "आत्या, दोन घास खाऊन घ्या, चक्कर येईल."

"त्यांच्या आदी?" त्या फणकारल्या. "तू नको शिकवू मला."

तात्या माझ्याकडे वळले. "सूनबाई, समद्यांना दिसतंय कशानं अडलंय. म्हन एकदा, गाडीला हात लावनार न्हाई. तुज्या तोंडनं येऊ दे. म्हातारी उपाशी हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्यासकट. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ त्या पानाभोवती बसलेला मला जवळजवळ दिसत होता. मी उठले, कठड्याजवळ गेले.

"आबा, मी मनीषा," मी म्हटलं. "शब्द मी दिलेला नाही. ज्याने दिला त्याच्याकडून वसूल करा. तुम्ही मला ट्रेलरखाली घालायला निघाला होता. गाडी मी चालवणार. जेवायचं तर जेवा, नाहीतर राहा उपाशी!"

तारेवरचे कावळे सगळे एकदम उडून गेले. तात्या "शिव शिव" म्हणाले. आत्या भिंतीला हात लावून उठल्या आणि माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता ही बाई माझ्या थोबाडीत मारणार. मी गाल चुकवला नाही.

त्या मला ओलांडून कठड्याजवळ गेल्या. आबांच्या पानातला एक वडा त्यांनी उचलला आणि खाल्ला. उभ्या उभ्या, पूर्ण. मग खिरीची वाटी तोंडाला लावली.

"आये!" अविनाश ओरडला.

आत्या कुणाशी बोलत होत्या ते समजायला मला क्षण लागला. त्या टाकीच्या दिशेने बघत होत्या. "जल्मभर तुमचं झाल्यावर जेवले. दुखण्यात. बाळंतपणात. तुमी चावडीवर गप्पा मारत बसायचा आन् मी ताटाकडं बघत बसायची. आज न्हाई थांबायची." त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आमच्याकडे वळल्या. "बघताय काय? वाढा. आन् आमटीत मीठ कमी हाय, मनीषा."

सगळे जेवले. काय करणार! पान संध्याकाळी गाईला घातलं.

पाहुणे गेले, दिवस मावळला. मी अंगणात भांडी घासत होते. आत्या आल्या, शेडचं दार त्यांनी स्वतः ढकललं आणि गाडीचं पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसल्या. त्या सीटवर त्या कधीच बसल्या नव्हत्या. बसताना पाय आधी आत घ्यायचा की अंग, हेही त्यांना उमगेना.

"उद्या कामाला जायाचंय न्हवं?" आतून म्हणाल्या. "मग लावून बघ."

मी हात पुसले, स्टिअरिंगमागे बसले, बटण फिरवलं.

लागले. सगळे. हिरवट उजेडात प्रत्येक आकडा दिसत होता. मी अविनाशला हाक मारून मागे उभं केलं. तो तिथून ओरडला, "आहेत! दोन्ही आहेत!"

मी रडले, हे कबूल करते. पण रडता रडता मल्टिमीटरही काढला. पॅनल सैल करून बल्बला लावला. बारा व्होल्टच्या वर. बल्ब विझलेला असताना जो आकडा होता, पेटलेला असतानाही तोच आकडा. मी काही दुरुस्त केलेलं नव्हतं. एकही वायर, एकही फ्यूज बदललेला नव्हता.

आत्या डॅशबोर्डकडे टक लावून बघत होत्या. "ह्यो काटा कशाचा?"

"पेट्रोलचा."

"आन् ह्यो मोठा?"

"वेगाचा. किती जोरात चाललोय ते."

"येवढं समदं दिसायचं व्हय त्यांना," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आजपर्यंत ते दिवे एकदाही गेलेले नाहीत. मी सोमवारी वेळेवर पोचले आणि लाइन माझ्याकडेच राहिली. मनाचे खेळ म्हणाल, तर त्या ट्रेलरवाल्याचं मन माझ्या मनाला कुठे जोडलेलं होतं? लूज कनेक्शन म्हणाल, तर ज्वारीच्या पोत्याला ते सापडत नाही आणि मलाच सापडतं, असं लूज कनेक्शन मला बांधून दाखवा, मी लाइनवर नोकरी देते. वायर जोडलेली असते नाहीतर तुटलेली असते, हे मी नव्या मुलींना अजून सांगते, पण आता सांगताना जरा अडखळते. आणि आमच्या गच्चीवर त्या दिवसानंतर कावळा उतरलेला नाही. शेजारच्यांच्या येतात, आमच्या नाही.

आत्यांचं-माझं काही गुळपीठ झालेलं नाही. आजही मीठ कमी, पोळी जाड, साडी आखूड, सगळं चालू आहे. फक्त संध्याकाळी गाडी अंगणात शिरली, दिव्यांचा झोत भिंतीवर पडला की त्या आतूनच ठसक्यात ओरडतात, "मी जेवलेय! तुजं झाकून ठिवलंय!"